इद्यापीठाची भेंडी

बऱ्याच वीकान्तांनी लिहायला बसलोय. मधे एक रिलीज होतं, त्यामुळे सलग तीन शनिवार ऑफिसनेच खाल्ले. असो. आजचा विषय आहे भेंडी. हसू नका, भाजी म्हणून नाही, इतिहास म्हणून.

पण सुरुवात आमच्या गच्चीपासून करावी लागेल. पुण्यात आम्ही राहतो त्या सोसायटीत नऊ बिऱ्हाडांनी मिळून तीन वर्षांपूर्वी गच्चीवर भाजीपाला लावायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचं खत, अर्धे कापलेले ड्रम, पालापाचोळ्याचं आच्छादन. रविवारी सकाळी दोन तास सगळ्यांनी खपायचं आणि मग कुणाच्या तरी घरी पोहे. आमच्यातल्या एका काकांनी याचं बारसं 'पर्माकल्चर' असं केलं. हा शब्द ऑस्ट्रेलियातला, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या जोडीने १९७० च्या दशकात काढलेला. जंगलात सगळं जसं एकमेकांच्या आधाराने वाढतं तशी कायमची, टिकाऊ शेती करायची, असा साधारण अर्थ. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, जिल्हा परभणी. तिथे आजीला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजी कापसात तूर आन् बांधाला भेंडी. त्याला येगळं नाव कामून लागतंय?"

पहिल्या वर्षी आमची भेंडी झकास आली. बियाणं दुकानातलं, रंगीत पाकिटातलं, संकरित. सगळी झाडं एका उंचीची, शेंगा एकसारख्या. हुरळून जाऊन आम्ही चार शेंगा झाडावरच वाळवल्या, बी काढलं, बरणीत भरलं आणि ग्रूपवर फोटो टाकला, 'आता आम्ही बियाण्यात स्वयंपूर्ण'!

दुसऱ्या वर्षी त्याच बियांनी आमची पार जिरवली. एक झाड छातीएवढं तर शेजारचं गुडघ्याएवढं. कुणाची शेंग लांब, कुणाची आखूड आणि जाड, कुणाची दोन दिवसांत जून व्हायची. आणि जुलैअखेरीस पानं पिवळी पडायला लागली. म्हणजे सगळं पान नाही, फक्त शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा. जणू कुणी हायलायटर घेऊन पानावर जाळं काढलंय. मग शेंगाही फिकट, पांढुरक्या यायला लागल्या. काकांचं म्हणणं, माती सुधारली की सगळं सुधारतं. मग गांडूळखत झालं, आंबट ताक झालं, निंबोळी अर्क झाला. माती खरोखर सुधारली होती, मूठभर उचलली तरी गांडुळं निघत होती. भेंडी मात्र पिवळी ती पिवळीच.

शेवटी आजीला फोन.

"बी कुठलं हाय?"

"मागच्या वर्षीच्या झाडांचंच गं."

"आन् मागल्या वर्षीचं?"

"पाकिटातलं."

"मंग! इकतचं बी म्हंजी एका सालाचा पाव्हणा. त्याला घरात ठिवून घ्यायलास व्हय?" मग जरा थांबून म्हणाली, "आपल्याकडं इद्यापीठाची भेंडी हाय की. डालड्याच्या डब्यात आसंल बग."

इद्यापीठाची भेंडी! लहानपणापासून हा शब्द ऐकत आलोय. आजोबांनी माझ्या जन्माच्या बरंच आधी परभणीच्या कृषी विद्यापीठातून एक पाकीट आणलं होतं, तेच बी आजी वर्षानुवर्षं राखत आली. त्या पलीकडे मला काही माहीत नव्हतं. त्या वीकान्ताला वाचायला बसलो आणि रविवार रात्रीपर्यंत उठलो नाही.

पहिला धक्का हा, की आमच्या गच्चीवरच्या रोगाचा इतिहास आमच्याच गावात, म्हणजे पुण्यात सुरू होतो. भेंडीच्या या रोगाची पहिली नोंद १९२४ सालची, कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या रोगांबद्दल लिहिताना केलेली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याला 'यलो व्हेन मोझॅक' हे नाव दिलं. आपले शेतकरी त्याला केवडा म्हणतात. केवड्यासारखं पिवळं पडतं म्हणून. किती सुंदर नाव आणि किती वाईट रोग! हा रोग मातीतून येत नाही. विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. माशी पानाच्या मागच्या बाजूला बसून रस शोषते, तेव्हा विषाणू झाडात जातो. म्हणजे आमचं ताक आणि गांडूळखत हे चुकीच्या सर्व्हरवर लॉग तपासण्यासारखं होतं :) चांगल्या मातीत झाड दमदार वाढतं, पाणी धरून राहतं, हे सगळं खरंच. पण विषाणूला अडवायचं काम मातीचं नाही, बियाण्याचं आहे.

बियाण्यातून उत्तर शोधायचा पहिला मोठा प्रयत्न झाला दिल्लीत. तिथल्या पुसा संस्थेत १९५० च्या दशकात हरभजन सिंग आणि सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका भेंडीत थोडी सहनशक्ती हेरली आणि तिचा संकर 'पुसा मखमली'शी करून निवड करत 'पुसा सावनी' ही जात काढली. सावनी, कारण ती पावसाळ्यात टिकायची, आणि केवड्याचा जोर पावसाळ्यातच. ही जात देशभर पसरली. पण पुढच्या दीड-दोन दशकांत तिची सहनशक्ती ओसरली. विषाणू तोच राहिला नव्हता, किंवा भेंडी तीच राहिली नव्हती, किंवा दोन्ही. केवडा परत आला.

आता परभणीकडे येऊ.

परभणी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना एक तर काहीच आठवत नाही, नाहीतर दुष्काळ आठवतो. पण शेतीच्या संशोधनात या गावाची मुळं बरीच खोल आहेत. निजामाच्या राज्यात, १९१८ साली, इथे मुख्य प्रायोगिक शेती क्षेत्र सुरू झालं. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आलं. आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ. तारीख नीट बघा. १९७२. त्याच पावसाळ्यात पाऊस दडी मारून बसला आणि महाराष्ट्राने तो भयंकर दुष्काळ पाहिला. आजी अजूनही 'बहात्तर'चं नाव काढलं की गप्प होते, मग रोजगार हमीची खडी आणि मिलोच्या भाकरी एवढं सांगते आणि विषय बदलते. ज्या वर्षी पेरलेलं उगवलं नाही त्या वर्षी विद्यापीठ उगवलं. २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, पण आमच्याकडे ते अजून नुसतं 'इद्यापीठ'च आहे.

याच विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी केवड्याचं कोडं वेगळ्या बाजूने सोडवायला घेतलं. खाण्याच्या भेंडीत पक्की प्रतिकारशक्ती सापडत नाही ना, मग तिच्या नातलगांत शोधू. भेंडीच्या कुळात अबेलमॉस्कस मॅनिहॉट नावाची एक बहीण आहे. तिला केवडा होत नव्हता. मग काय, दोघींचा संकर करायचा, झालं! असं आपल्याला वाटतं. पण दोन वेगळ्या प्रजातींचा संकर म्हणजे दोन वेगळ्या कोडबेस एकत्र करणं. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही. त्यामुळे पहिल्या पिढीतली संततं बहुतेक वांझ निघतात, शेंग धरली तरी आत बी पोचट.

या वांझपणातून वाट काढत त्यांनी एकेक पिढी पुढे नेली. १९८१ मध्ये त्यांनी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिलं, की त्यांच्या संकरांत ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकामुळे येते. हे वाक्य दिसतं साधं, पण त्यात सगळी आशा आहे. दहा जनुकं असती तर ती सगळी बरोबर घेऊन पुढे जाणं जवळपास अशक्य. एकच असेल तर तेवढं एक उचलता येतं.

उचलायचं कसं? परत परत मूळ भेंडीशी, म्हणजे पुसा सावनीशी संकर करून. पहिल्या संकरात निम्मा वाटा त्या बहिणीचा. पुन्हा सावनीशी संकर केला की पाव, मग आठवा, मग सोळावा. दर पिढीत केवडा असलेल्या रानात झाडं लावायची, पिवळी पडतील ती काढून टाकायची, हिरवी राहतील त्यांचाच संकर पुढे न्यायचा. हळूहळू बहिणीचे नको असलेले गुण गळत जातात आणि ते एक जनुक तेवढं राहतं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. म्हणजे प्रत्येक संकरासाठी आदल्या संध्याकाळी कळी उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि सकाळी उन्हाच्या आत परागकण लावायचे. परभणीच्या उन्हात, एकेका फुलाशी, वर्षानुवर्षं. आपण बिल्ड व्हायला वीस मिनिटं लागली तर चिडतो. इथे एका बिल्डला चार महिने.

यातून १९८० च्या दशकाच्या मध्यावर जी जात बाहेर पडली तिचं नाव 'परभणी क्रांती'. १९८६ मध्ये 'हॉर्टसायन्स' या अमेरिकी नियतकालिकात जांभळे आणि नेरकर यांनी तिची रीतसर ओळख करून दिली. हीच आमच्या आजीची इद्यापीठाची भेंडी.

आता आजीच्या 'एका सालाच्या पाव्हण्या'कडे येतो, कारण तिने एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला मेंडेलपर्यंत जावं लागलं. दुकानातलं संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांची पहिली पिढी. ती एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचं बी पेरलं की आई-बापाचे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक झाडाच्या हाती वेगळा डाव येतो. आमच्या गच्चीवर तेच झालं. यात कंपनीची लबाडी नाही, निसर्गाचा नियम आहे. कंपनीचा फायदा मात्र या नियमातच आहे, दरवर्षी गिऱ्हाईक परत येतं. परभणी क्रांती संकरातून जन्मली असली तरी नंतर पिढ्यान् पिढ्या निवड करून स्थिर केलेली 'सुधारित' जात आहे. तिचं बी लावलं की तिच्यासारखीच भेंडी येते. म्हणजे सोर्स कोड पाकिटातच मिळतो!

संकरित म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये. आजोबांनी स्वतः कापसात गावरानी सोडून संकरित धरला. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, सुरतेत १९७० मध्ये आला, मग याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा एनएचएच-४४ आला, २००२ मध्ये बीटी आला. उत्पन्न वाढलं, घराला स्लॅब पडला. पण त्याबरोबर कापसाचं बी राखायची कला आमच्या घरातून एका पिढीत गेली. आता दर जूनमध्ये बाबा कृषी केंद्रासमोर रांगेत उभे असतात. राहिली फक्त बांधावरची भेंडी, कारण ती आजीच्या ताब्यात होती. कायद्याचं म्हणाल तर तो आजीच्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून तेवढं विकता येत नाही. पण हक्क कायद्यात असून भागत नाही, बी डब्यात असावं लागतं.

आणि इथे गोष्टीला एक नको असलेलं वळण आहे. परभणी क्रांतीची प्रतिकारशक्तीही पुढे ठिकठिकाणी ढासळली. बंगळुरूच्या संस्थेने अशाच संकरातून काढलेल्या 'अर्का अनामिका'चंही तेच झालं. २००३ मध्ये मदुराईच्या संशोधकांनी दाखवलं की हा विषाणू एकटा नसतो, त्याच्यासोबत एक छोटा उपग्रह डीएनए असतो आणि दोघं मिळून रोग घडवतात. असे विषाणू आपापसात तुकडे बदलत राहतात. सिक्युरिटी पॅच आणि हॅकरचीच गोष्ट. एकदा पॅच टाकला म्हणून कायमचं सुरक्षित असं काही नसतं.

हे वाचून मी खरं तर खट्टू झालो. म्हणजे डालड्याच्या डब्यातलं बी म्हणजे नुसती जुनी आठवण की काय? मग आजी ते राखायची कसं ते आठवलं. श्रावणात ती भेंडीच्या ओळीतून फिरायची. पिवळं पान दिसलं की झाड उपटून टाकायचं, शेंगा लगडलेल्या असल्या तरी. सगळ्यात हिरव्या, भरपूर लागलेल्या झाडांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. त्या झाडाच्या शेंगेला हात लावला तर आम्हा पोरांच्या पाठीत धपाटा. शेंगा वाळून खुळखुळ वाजायला लागल्या की जुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगायच्या, धुरात. मग बी काढून राखेत मिसळून डब्यात. जांभळे-नेरकरांनी रानात जे केलं त्याचाच शेवटचा भाग ती दरवर्षी बांधावर करत होती! निवड. विषाणू बदलत होता आणि तिची भेंडीही थोडी थोडी बदलत होती. पस्तीस वर्षांनंतर ती शास्त्रीय अर्थाने शुद्ध परभणी क्रांती राहिलेली नसणार, मधमाश्यांनी शेजारच्या रानातलंही काहीबाही आणून मिसळलं असणार. पण ती आमच्या बांधावर आमच्या केवड्याशी झुंजलेली भेंडी होती.

होती म्हणतोय, कारण चार वर्षांपूर्वी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने बांधावर जाणं सोडलं. तेव्हापासून कुणी पेरलीच नाही. भेंडीचं बी साधारण दोन-तीन वर्षं नीट उगवतं, मग दम तोडत जातं. मे महिन्यात गावी गेलो आणि डबा उघडला. राखेतून तीस धड बिया निघाल्या. तीस. एवढाच आमच्या घरचा बियाण्याचा इतिहास शिल्लक होता.

रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये लावल्या. ग्रूपमधल्या एकाने रास्त प्रश्न विचारला, की दरवर्षी १८ मे ला विद्यापीठाचा खरीप मेळावा असतो, तिथे बियाणं मिळतं, मग या म्हाताऱ्या बियांचा अट्टहास कशाला? मी म्हटलं, पुढच्या वर्षी तेही आणू, पण या वर्षी नाही, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल. शेजारच्या गच्चीवरच्या मधमाश्यांना सोसायटीचं कुंपण कळत नाही, म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या कळ्यांना मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधल्या.

तीसपैकी सात उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली. राहिली सहा. ऑगस्टमध्ये दोन झाडांवर पिवळ्या शिरा दिसल्या. चांगली वाढलेली झाडं हो! एकावर आठ शेंगा होत्या. मी दोन दिवस टाळाटाळ केली, फोटो मोठा करून बघितला, ऊन लागलं असेल अशी स्वतःची समजूत घातली. मग आजीचा धपाटा आठवला आणि दोन्ही उपटली. राहिली चार. त्या चारांच्या शेंगा खायच्या की वाळवायच्या यावर नऊ बिऱ्हाडांचं मतदान झालं. पाच विरुद्ध चार मतांनी बी जिंकलं. बारा शेंगांतून ४१७ बिया निघाल्या, मी मोजल्यात (इंजिनीअर ना शेवटी).

पण चारच झाडांच्या बिया म्हणजे वैविध्य फार थोडं, हे डोक्यातून जाईना. उद्या नवा विषाणू आला तर चौघींत उत्तर असेलच असं नाही. आजीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आरं, खालच्या आळीच्या मावशीकडं हाय की. म्याच दिल्तं. तिच्या माहेरी बी गेलंय ते."

म्हणजे बघा. आम्ही डब्यातल्या तीस बियांना शेवटचं समजून जीव टाकत होतो आणि आजीने वाटीवाटीने बी देऊन कधीच बॅकअप घेऊन ठेवला होता. तोही वेगवेगळ्या बांधांवर, दरवर्षी चालू असलेला. जे बी तिने जपून डब्यात ठेवलं ते मरायला टेकलं होतं. जे तिने देऊन टाकलं ते जगलं.

४१७ पैकी प्रत्येक बिऱ्हाडाला पंचवीस बिया वाटल्यात, अट एकच, पुढच्या जूनमध्ये लावायच्याच, शोकेसमध्ये ठेवायच्या नाहीत. उरलेल्यातल्या शंभर दिवाळीला गावी घेऊन जाणार आहे. खालच्या आळीच्या मावशीकडून मूठभर आणायच्या आहेत, आणि बाबांना बांधाची एक ओळ मागायची आहे. ते आधी नाही म्हणतील. मग आजी बोलेल.

तुमच्या घरी असा कुठला डबा आहे का? असेल तर या वीकान्ताला उघडून बघा. आणि बिया निघाल्या तर, नुसता फोटो काढू नका, पेरा.